स्वस्त आहे, पण विकत कोण घेणार?

'१२ रुपयांचा शेअर, पीई फक्त ४! अजून कुणाचं लक्षच गेलेलं नाही रे...' कॉलेजच्या कट्ट्यावर हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कदाचित म्हटलंही असेल.

थोडं गणित करू. पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर नफा. समजा, या कंपनीने प्रतिशेअर ३ रुपये नफा दाखवला. पण त्यातले अडीच रुपये जुन्या कारखान्याची जमीन विकून आलेत. म्हणजे धंद्यातली कमाई फक्त ५० पैसे आणि खरा पीई २४! जमीन काय दरवर्षी विकता येते? ॲपवर मात्र ४ हाच आकडा झळकतो. जमिनीची गोष्ट वार्षिक अहवालात 'अपवादात्मक बाबी'खाली असते आणि तो अहवाल उघडतो कोण?

बरं, मोठे फंड अशा चिमुकल्या कंपन्यांकडे फिरकत नाहीत, त्यामुळे कधीकधी खरंच चांगला शेअर स्वस्तात पडून असतो. मान्य. पण ते फिरकत नाहीत याचं एक कारण म्हणजे तिथून बाहेर पडता येत नाही. खरी गोची इथेच आहे. वाईट बातमी आली की ५ टक्क्यांचं लोअर सर्किट लागतं. विकणाऱ्यांची ही रांग आणि घेणारा एकही नाही. तुमचा स्टॉपलॉसही नुसता रांगेत उभा. असे सलग १० दिवस गेले, तर १०० रुपयांचे ६०च उरतात.

आणि 'कुणाचं लक्ष नाही' म्हणता, तर साधना ब्रॉडकास्टचं प्रकरण वाचाच. अदानी समूह ही कंपनी घेणार, अशा थापा मारणारे व्हिडिओ जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवर आले. लोक तुटून पडले. छोटे भागधारक दोन हजारांच्या आसपास होते, ते ५५ हजारांवर गेले. सेबीच्या मार्च २०२३च्या अंतरिम आदेशानुसार, आधीच शेअर घेऊन बसलेल्यांनी याच गर्दीला चढ्या भावात माल विकला. तेव्हा तुम्हाला टिप देणाऱ्याकडे तो शेअर किती दिवसांपासून आहे, हे विचारायला लाजू नका.

एवढं करूनही घ्यायचाच असेल, तर बीएसईच्या साइटवर दोन गोष्टी फुकटात दिसतात. दिवसाला किती शेअर्सचा व्यवहार होतो आणि प्रवर्तकांनी स्वतःचे किती शेअर्स गहाण टाकलेत. चहा संपायच्या आत बघून होतं.