विश्लेषण : बिझनेस अ‍ॅनालिस्टचे काम दिसत का नाही? ते दाखवायचे कसे?

अप्रेझलचे दिवस आले, की हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या आयटी कंपन्यांत एक प्रश्न ठरलेला असतो : वर्षभरात तुम्ही नेमके काय केले? प्रोग्रामर लिहिलेला कोड दाखवतो, टेस्टर पकडलेल्या चुका मोजून दाखवतो. बिझनेस अ‍ॅनालिस्टकडे दाखवायला असतात बैठकांची टिपणे आणि जाडजूड दस्तऐवज. खर्चकपातीची चर्चा सुरू झाली की ‘याच्यावाचून काय अडते?’ हा प्रश्न त्यामुळेच त्याच्याबाबत सहज विचारला जातो.

या पदाचे नेमके काम काय?

ग्राहक आणि तंत्रज्ञ यांच्यातला दुभाषा, अशी या पदाची ओळख करून दिली जाते. ती अपुरी आहे. ग्राहक काय मागतो आणि त्याला खरोखर काय लागते, यांतला फरक शोधणे हे मुख्य काम. २००३ मध्ये कॅनडात स्थापन झालेल्या ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस अ‍ॅनालिसिस’ या संस्थेच्या व्याख्येतही गरज निश्चित करणे आणि संबंधितांना लाभ देणारा उपाय सुचवणे यांवरच भर आहे. दस्तऐवज हे त्याचे साधन, फळ नव्हे.

मग ओळख का मिळत नाही?

पावसाळ्याआधी नालेसफाई नीट झाली, तर पाणी तुंबत नाही आणि त्या कामाची बातमीही होत नाही. बिझनेस अ‍ॅनालिस्टचे तसेच आहे. चुकीची मागणी वेळीच अडवली, तर पुढचा घोळ होतच नाही. आणि न झालेला घोळ कोणत्याही अहवालात दिसत नाही. दुसरे कारण कामाच्या पद्धतीत आहे. अनेक कंपन्यांनी स्वीकारलेल्या ‘स्क्रम’च्या मार्गदर्शिकेत प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर अशा तीनच जबाबदाऱ्या सांगितल्या आहेत. तिथे बिझनेस अ‍ॅनालिस्टला वेगळी खुर्चीच नाही.

गरजा नीट ठरल्या नाहीत, तर काय होते?

अमेरिकेच्या ‘एफबीआय’ या तपास यंत्रणेने कागदी फायलींऐवजी ‘व्हर्च्युअल केस फाइल’ ही संगणकीय व्यवस्था उभारायला घेतली होती. सुमारे १७ कोटी डॉलर खर्चाचा हा प्रकल्प २००५ मध्ये गुंडाळावा लागला. अमेरिकी न्याय विभागाच्या महानिरीक्षकांनी दिलेल्या कारणांत, नीट न ठरवलेल्या आणि संथपणे बदलत गेलेल्या गरजा हे एक प्रमुख कारण होते. पैसा होता, पण नेमके काय बांधायचे हे पक्के नव्हते. बिझनेस अ‍ॅनालिस्टवाचून काय अडते, याचे हे उत्तर आहे.

आपल्या कामाचे मोल कसे दाखवावे?

काम सुरू करण्याआधीचा आकडा टिपून ठेवणे, ही पहिली पायरी. समजा, एका पतसंस्थेत महिन्याला कर्जाचे १०० अर्ज येतात आणि त्यांतले ४० अपुऱ्या कागदपत्रांमुळे परत जातात. व्यवस्थापनाला यावर मोबाइल अ‍ॅप हवे आहे. बिझनेस अ‍ॅनालिस्ट दोन दिवस काउंटरपाशी बसतो, तेव्हा लक्षात येते की कोणत्या कर्जाला कोणते कागद लागतात हेच अर्जदारांना आधी कळत नाही. सोपी यादी छापली जाते, मोबाइलवर संदेश जाऊ लागतो. तीन महिन्यांनी परत जाणारे अर्ज ४० वरून १५ वर येतात. एका अर्जामागे कर्मचाऱ्याचा अर्धा तास धरला, तर महिन्याला साडेबारा तास वाचले. ‘२० पानांचा दस्तऐवज केला’ यापेक्षा हे एक वाक्य अप्रेझलमध्ये वजनदार ठरते.

पण आधीचे ४० कुणी मोजलेच नसतील, तर नंतरच्या १५ ला अर्थ उरत नाही. नेमकी इथेच बहुतेकांची गफलत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे निर्णयांची नोंदवही. कोणती मागणी आली, कोणता प्रश्न विचारला, काय बदलले किंवा काय वगळले, हे तारखेसह दोन ओळींत लिहावे. अडवलेल्या चुकांचा एवढाच पुरावा हाती राहतो. मात्र सगळे श्रेय आपल्याकडे ओढू नये. बचतीचा आकडा त्या विभागाच्या प्रमुखाकडून तपासून घ्यावा. त्याने मान्य केलेला छोटा आकडा आपण फुगवलेल्या मोठ्या आकड्यापेक्षा अधिक टिकतो.

प्रमाणपत्राने प्रश्न सुटतो का?

काही अंशी. ‘सीबीएपी’ या प्रमाणपत्रासाठी दहा वर्षांत ७,५०० तासांचा अनुभव लागतो, त्यामुळे नोकरी बदलताना त्याला किंमत आहे. पण रोजच्या कामाचे मोल प्रमाणपत्र सिद्ध करत नाही. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने बैठकीच्या टिपणांवरून गरजांचा मसुदा काही मिनिटांत तयार करतात. केवळ दस्तऐवज लिहिण्यावर ज्यांची ओळख उभी आहे, त्यांच्यासाठी ही धोक्याची घंटा आहे. काउंटरपाशी बसून योग्य प्रश्न विचारणाऱ्याची गरज मात्र संपलेली नाही.

कंपन्यांची जबाबदारी काय?

सगळा भार कर्मचाऱ्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. पाने आणि बैठका मोजणारी कंपनी कर्मचाऱ्याला पाने वाढवायलाच शिकवते. ‘हे करू नका’ असे कारणासह सांगणाऱ्याची नोंद जिथे मूल्यमापनात होत नाही, तिथे प्रत्येक मागणीला होकार मिळतो आणि त्याची किंमत पुढे दुरुस्त्यांच्या रूपाने मोजावी लागते. प्रकल्प सुरू होतानाच कोणता आकडा किती बदलायला हवा हे लिहून घ्यावे आणि सहा महिन्यांनी तो पुन्हा तपासावा. एवढे झाले, तरी बिझनेस अ‍ॅनालिस्टला अप्रेझलच्या खोलीत स्वतःची वकिली करत बसावे लागणार नाही.