वैद्यांचे सामायिक ग्रंथालय : एक प्रस्ताव

ग्रंथाधारावाचून केलेले विधान आयुर्वेदात प्रमाण मानले जात नाही, हे आपण पदवी अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षापासून ऐकत आलो आहोत. परंतु पदवी घेऊन गावी दवाखाना सुरू केला की, आधार पाहण्याची सोय महाविद्यालयाच्या ग्रंथालयातच राहून जाते. रहिमतपूर, कोरेगाव, औंध या परिसरातील वैद्याला एखादा पाठ ताडून पाहावयाचा असेल, तर त्याने सातारा, सांगली अथवा पुणे गाठावे, अशी स्थिती आहे. रुग्ण सोडून हे वारंवार साधणार कसे? मग स्मरणावर भिस्त ठेवावी लागते.

याचे परिणाम केवळ विद्वत्तेपुरते राहत नाहीत. ब्राह्मी मागितली असता आपल्या बाजारात पुष्कळदा मंडूकपर्णी हाती पडते. शासकीय आयुर्वेदिक फार्माकोपियात मात्र ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका, अशी दोन स्वतंत्र द्रव्ये वर्णिली आहेत. रास्ना म्हणून उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा वापरतात, तर दक्षिणेत आल्पिनिया गलंगा. अशा संदिग्ध द्रव्यांचा निर्णय एका पुस्तकावरून होत नाही. धन्वंतरी निघंटू, राजनिघंटू, भावप्रकाश, बापालाल वैद्यांचे लेखन आणि फार्माकोपिया शेजारी शेजारी ठेवूनच तो करावा लागतो.

औषधनिर्मात्या बंधूंना तर ग्रंथ हा परवान्याचाच आधार आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 याच्या पहिल्या परिशिष्टातील ग्रंथांत सांगितलेल्या पाठानुसार केलेले औषध हेच शास्त्रोक्त आयुर्वेदिक औषध होय. आयुर्वेदिक फॉर्म्युलरीच्या पहिल्या भागात 444 आणि दुसऱ्या भागात 191 योग आहेत. भैषज्यरत्नावली, योगरत्नाकर, रसतरंगिणी यांसह हा संच प्रत्येक लहान फार्मसीने स्वतंत्रपणे विकत घ्यावा, ही अपेक्षा अवास्तव आहे.

वस्तुतः आपल्या सर्वांची कपाटे एकत्र मांडली, तर ग्रंथांचा तुटवडा भासणार नाही. आज अभ्यासक्रमातील तीच तीन-चार पुस्तके प्रत्येकाकडे असतात आणि निघंटू कोणाकडेच नसतो. दुसरीकडे, जुन्या वैद्य घराण्यांत निर्णयसागरच्या आवृत्त्या, डॉ. गर्दे यांचे सार्थ वाग्भट, शंकर दाजीशास्त्री पदे यांचा आर्यभिषक् आणि अनुभूत योगांच्या हस्तलिखित वह्या पडून आहेत. पुढची पिढी या व्यवसायात नसली की हा ठेवा रद्दीच्या तागडीत जातो. वह्या एकदा गेल्या की त्यांची दुसरी आवृत्ती निघत नाही.

यावर मोठी इमारत, ग्रंथपाल आणि अनुदान हा उपाय नव्हे. त्यांची वाट पाहिल्यास काहीच होणार नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी शतकापूर्वीच फिरत्या ग्रंथपेट्या गावोगाव पाठविल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 2009 पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात त्याच मार्गाने वाचक जोडले. आपल्याच जिल्ह्यातील भिलारमध्ये 2017 साली पुस्तकांचे गाव उभे राहिले, तेही प्रामुख्याने गावकऱ्यांच्या घरांतून. ग्रंथालयाला स्वतंत्र वास्तू लागतेच असे नाही, हे या उदाहरणांवरून दिसते.

माझी सूचना अशी. प्रथम केवळ सामायिक सूची करावी. ग्रंथ मालकाच्याच कपाटात राहावेत. ग्रंथाचे नाव, टीका, संपादक, आवृत्ती आणि कोणाकडे आहे एवढी नोंद संघटनेकडे असावी. दुसऱ्या टप्प्यात महागडे संदर्भग्रंथ वर्गणीतून घेऊन दोन पेट्या कराव्यात. पुणे-मिरज लोहमार्गावर असल्याने रहिमतपूर हे सातारा आणि सांगली या दोन्ही बाजूंच्या सभासदांना सोयीचे आहे. पेट्या तेथून निघाव्यात. एका अंकापासून दुसऱ्या अंकापर्यंत, म्हणजे तीन महिने, हीच देवघेवीची मुदत असावी. हस्तलिखिते मात्र फिरवू नयेत. मालकाच्या संमतीने त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि मूळ प्रत त्यांच्याकडेच ठेवावी.

दिलेले पुस्तक परत येत नाही, हा आक्षेप सुभाषितांइतकाच जुना आहे. तो खोटा नाही. परंतु मित्राला दिलेले पुस्तक आणि नोंदवहीत सही करून, अनामत ठेवून नेलेले पुस्तक यांत फरक आहे. मुदत उलटल्यास पुढील ग्रंथ मिळू नये, एवढा एकच नियम कसोशीने पाळला तरी पुरे. दुसरा आक्षेप संगणकाचा. हैदराबादच्या राष्ट्रीय भारतीय वैद्यक वारसा संस्थेने चरक, सुश्रुतादी संहिता संगणकावर शोधता येतील अशा रूपात दिल्या आहेत. त्यांचा उपयोग आपण अवश्य करावा. तथापि मराठी वैद्यांनी शंभर वर्षांत लिहिलेले किती साहित्य तेथे सापडेल? ते आपण जपले नाही, तर दुसरे कोणी जपणार नाही.

संघटनेने पुढील सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी विनंती आहे. तोवर प्रत्येक सभासदाने एका रविवारी आपले कपाट उघडून, अभ्यासक्रमाबाहेरच्या ग्रंथांची यादी वार्षिक वर्गणीसोबत पाठवावी. यादी पाच नावांची असली तरी चालेल. त्या पाचांपैकी एखादा ग्रंथ वीस मैलांवरील समव्यवसायी कित्येक दिवसांपासून शोधत असण्याचा संभव आहे.