भीमगीतातले शेवटचे कडवे

जयंती जवळ आली की ठाण्या-कल्याणच्या वस्त्यांत भीमगीते घुमू लागतात. या गाण्यांचे मूळ आंबेडकरी जलशात. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांनी जलसे गावोगाव नेले; बाज तमाशाचा, विषय चळवळीचा. पुढे कव्वालीचा ठेका आला, कॅसेटी आल्या आणि कल्याणच्या प्रल्हाद शिंदेंचा खडा आवाज घरोघरी पोचला.

वामनदादा कर्डक (१९२२-२००४, हे कर्डक वेगळे बरे का!) मोठेपणी अक्षरे शिकले. शेवटच्या कडव्यात ते ‘वामन’ हे नाव गुंफीत. तीच कवीची सही. हल्ली वेळ वाचवायला नेमके तेच कडवे गाळतात. गाणे राहते, कवी जातो. भगिनींनो, तुमच्या गाण्यांच्या वहीत ते कडवे आहे का, जरूर पाहा. नसेल तर जाणत्यांना विचारून उतरवून घ्या.