विरचना : शब्द मिरवू नका, तो राबवा

विद्यापीठांच्या संशोधनात आज ‘विरचना’ या शब्दाचा मोठा बोलबाला आहे. साहित्य, इतिहास, समाजशास्त्र, कायदा, इतकेच नव्हे तर वास्तुशास्त्र, अशा सर्व शाखांच्या प्रबंधांत तो शिरला आहे. वर्धा येथे १९९७ साली स्थापन झालेले हिंदी विश्वविद्यालय आहे. जिल्ह्यातील अनेक महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. आपली मुलेमुली तेथे शिकतात. तेव्हा हा शब्द आपल्या घरात आलाच आहे. तो कोणत्या कामाचा, हे विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे.

पुष्कळांची समजूत अशी की, विरचना म्हणजे मोडतोड अथवा कडक टीका. ही समजूत चुकीची होय. जाक देरिदा या तत्त्वज्ञाने १९६७ साली ही वाचनपद्धती मांडली. अल्जीरियात जन्मलेल्या या ज्यू मुलास १९४२ साली केवळ वंशामुळे शाळेतून काढण्यात आले होते. त्याचे म्हणणे असे : प्रत्येक विचारव्यवस्था जोड्यांवर उभी असते आणि जोडीतील एक बाजू वर, दुसरी खाली बसविलेली असते. वरची बाजू खालचीच्या आधारावर उभी असूनही ते लपविते. हे लपविणे उघडे करणे ही पहिली पायरी आणि ती जोडीच निकामी करणे ही दुसरी.

शुद्ध आणि अशुद्ध, गाव आणि महारवाडा या जोड्यांत ज्यांच्या पिढ्या भरडल्या, त्यांस हे समजावयास पॅरिसला जाण्याची गरज आहे काय?

आपल्या जिल्ह्यातीलच उदाहरण घ्या. १९३३ साली गांधीजींनी ‘हरिजन’ साप्ताहिक सुरू केले. १९३६ साली ते वर्ध्याजवळील शेगावी राहावयास आले व १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. ‘हरिजन’ हा शब्द नीट वाचा. अस्पृश्यता ज्याने सोसली त्याला नवे नाव मिळाले. ज्याने ती पाळली त्याला मात्र कोणतेच नाव मिळाले नाही. दोष ज्याचा, तो अनामिक राहिला! १९३८ साली मुंबई विधिमंडळात हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला. हा केवळ शब्दाचा हट्ट नव्हता. नाव ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यातला खरा प्रश्न होता.

दुसरी पायरी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास चढली गेली. ‘आम्ही वरचे, तुम्ही खालचे’ असे म्हटले असते तर शिडी तशीच राहिली असती. लोकांनी ती शिडीच सोडली आणि आपले नाव आपण घेतले.

परंतु येथे एक धोका आहे. ‘सारे काही केवळ मजकूर आहे, सत्य असे काही नाही’ असे काही पंडित विरचनेच्या नावाखाली सांगतात. हे मान्य केले तर अत्याचाराची फिर्यादही नुसता मजकूर ठरेल आणि आरोपी सुखाने झोपेल. खुद्द देरिदाने १९८९ साली न्यूयॉर्क येथील व्याख्यानात कायद्याची विरचना होऊ शकते, न्यायाची मात्र होत नाही, असे प्रतिपादन केले. म्हणून शब्दांच्या वाचनास पुराव्याची जोड हवीच.

कायद्याच्या विद्यार्थ्यांस विषय पाहिजे काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची ओळख हिंदू धर्माशी बांधली. धर्म बदलला तरी गावाने वागणूक बदलली नाही. तथापि बौद्धांना त्या आदेशात स्थान मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. जात हिंदू धर्मातच असते आणि धर्म सोडताच संपते, हे गृहीत त्या आदेशात कसे शिरले, हे शोधणे हीच खरी विरचना.

सबब पालकांस आमची विनंती आहे. मुलाच्या प्रबंधावर हा शब्द दिसला की हरखून जाऊ नका व बिचकूही नका. त्यास एवढेच विचारा : कोणती जोडी तू उघडी केलीस, ती कोणाच्या पाठीवर उभी होती, आणि त्याचा पुरावा काय? उत्तर देता आले तर तो संशोधक. न आले तर ती नुसती पोपटपंची. बाबासाहेबांच्या समाजास पोपटपंची परवडणारी नाही.