कटिंगचा हिशेब

‘बाळकुम नाक्यावरच्या या टपरीवर सकाळी सहा ते दहा किती कटिंग जात असतील?’

रविवारी सकाळी मी हा प्रश्न टाकला आणि मैत्रीण माझ्याकडे बघतच राहिली. ‘मी काय इथे गल्ल्यावर बसते?’

नाही बाई! पण चार दिवसांवर तिचा कन्सल्टिंग फर्मचा इंटरव्ह्यू होता. दुसरा प्रयत्न. पहिल्या वेळी अशाच प्रश्नाला तिने एक आकडा ठोकून दिला आणि शेवटपर्यंत त्यालाच चिकटून बसली. आता घराचा हप्ता सुरू झालेला. टेन्शन जाम.

तर मंडळी, या इंटरव्ह्यूचे मुख्य भाग दोन. पहिला ‘केस’. एखाद्या धंद्याचा प्रश्न देतात आणि तो त्यांच्यासमोर बोलत बोलत सोडवायचा. मॅकिन्झीत बहुधा समोरचाच प्रश्नामागून प्रश्न विचारत केस पुढे नेतो. बीसीजी किंवा बेनमध्ये बरेचदा गाडी आपणच हाकायची. कुठेही गेलात तरी पाठ केलेलं उत्तर चालत नाही. बघतात ते तुमचं डोकं कसं चालतं.

मैत्रिणीने टिश्यू पेपर ओढला. गर्दीचे दोन तास, मिनिटाला दोन कटिंग, म्हणजे २४०. उरलेले दोन तास मिनिटाला एक, म्हणजे १२०. एकूण ३६०. सॉलिड!

‘आता पडताळून बघ,’ मी म्हटलं. एक कटिंग साधारण ६० मिली, त्यात निम्मं दूध. म्हणजे अकरा लिटरच्या आसपास. टपरीवाल्या काकांना विचारलं. ते हसले. ‘वीस लिटर तर सकाळीच संपतं!’

मैत्रिणीचा चेहरा उतरला. तेवढ्यात एक पोऱ्या चहाची किटली घेऊन समोरच्या टॉवरच्या साइटवर निघाला. ‘अरे, पार्सल धरलंच नाही मी!’ तिने ३६० वर काट मारली आणि नव्याने मांडणी सुरू केली. माझ्या मते खरा इंटरव्ह्यू तिथेच झाला.

दुसरा भाग तुमच्याबद्दलचा. टीममध्ये भांडण झालं तेव्हा काय केलंत? कुठे आपटलात? इथे आपली गोची होते. ‘मी मी’ करू नये, हे घरात शिकवलेलं, त्यामुळे आपण ‘आम्ही केलं’ म्हणत राहतो. पण त्यांना ऐकायचं असतं, त्यात तुम्ही नेमकं काय केलंत.

जाण्याआधी एवढं करा:
• प्रश्न नीट समजला का, ते विचारा. मिनिटभर वेळ मागायला लाजू नका.
• गृहीतक धरताना ते मोठ्याने सांगा.
• आकडा आला की दुसऱ्या वाटेने तपासा.
• स्वतःचे तीन-चार खरे किस्से तयार ठेवा. त्यातला एक तरी फसलेला.

गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला. समोरच्याने मध्येच नवी माहिती देऊन तिचं गणित पाडलं होतं.

‘मग?’

‘म्हटलं, माझं गृहीतक चुकलं, पुन्हा मांडते. मांडलं. पुढच्या राउंडला बोलावलंय!’

रविवारी पुन्हा त्याच टपरीवर भेटतोय. या वेळी चहा तिच्याकडून, आणि कटिंग नाही, फुल्ल!