आधी मोजा, मग बोंबला!

पीसी बंद पडला की हॉस्टेलमध्ये काही विधी ठरलेले असतात. पहिला, कॅबिनेटच्या डोक्यात एक चापट. दुसरा, रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने घासणे. तिसरा, विंडोज फॉरमॅट. एवढं करूनही भागलं नाही तर मदरबोर्डच्या नावाने बोंब आणि घरी फोन, "पप्पा, थोडे पैसे पाठवा ना!" या सगळ्या गोंधळात एक डबा मात्र संशयितांच्या यादीत कधीच नसतो. तो म्हणजे एसएमपीएस. (माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'वीजपुरवठा संच' वगैरे शब्द माझ्याकडून येणार नाहीत!)

माझं मत विचाराल तर स्वतः जोडलेल्या पीसीमध्ये सगळ्यात जास्त अन्याय होतो तो याच डब्यावर. प्रोसेसर कुठला आणि ग्राफिक्स कार्ड कुठलं यावर आपण रात्र-रात्र जागून वाद घालतो, आणि एसएमपीएसचं काय विचारलं की उत्तर येतं, "तो कॅबिनेटबरोबर येतो ना फुकट!"

जरा हिशोब करू. रायझन ५ ५६०० या प्रोसेसरचा टीडीपी ६५ वॅट, आरटीएक्स ३०६० कार्डाचा १७० वॅट. दोघांचे मिळून २३५ वॅट, आणि हे दोघंही मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर जगतात. आता समजा डब्यावर मोठ्या अक्षरात '४५० वॅट' लिहिलंय, पण खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर आहे. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. पाहुणे दहा आणि भाकऱ्या चार! असा पीसी टायपिंग करताना व्यवस्थित चालतो आणि गेम सुरू केला की धाडकन रीस्टार्ट होतो. मग आपण गेमला शिव्या घालतो. '८० प्लस'चा स्टिकर पाहूनही हुरळून जाऊ नका. २००४ साली सुरू झालेलं ते प्रमाणपत्र कार्यक्षमतेचं आहे. शॉर्ट सर्किट झालं तर डबा वेळेवर बंद होईल का, हे ते सांगत नाही.

एसएमपीएस बिघडला हे ओळखायचं कसं? लक्षणं बोलतात, ऐकणारा पाहिजे. निळा स्क्रीन न येता पीसी एकदम रीस्टार्ट झाला तर संशय घ्यायला जागा आहे. एसएमपीएस मदरबोर्डला एका करड्या वायरवरून 'पॉवर गुड' असा निरोप देत असतो. व्होल्टेज ढासळलं की तो निरोप थांबतो आणि बोर्ड तिथल्या तिथे रीसेट होतो, विंडोजला रडायलाही वेळ मिळत नाही. अर्थात प्रोसेसर तापूनही पीसी अचानक बंद पडतो, म्हणून नुसत्या लक्षणांवर निकाल द्यायचा नाही. तसंच, बटण दाबल्यावर पंखा क्षणभर फिरून थांबत असेल तर कदाचित एसएमपीएस आपलं काम चोख करतोय. कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तो डबा स्वतःला वाचवतोय. अशा वेळी मदरबोर्डच्या खाली एखादा स्क्रू अडकलाय का ते बघा.

सगळ्यांची आवडती 'पेपर क्लिप टेस्ट' म्हणजे २४ पिनच्या कनेक्टरवर हिरवी वायर काळीला जोडायची (सगळ्या वायरी काळ्या असतील तर पिन १६ आणि १७). क्लिप लावताना मेन्सचा प्लग काढलेला हवा. पण पंखा फिरला म्हणजे सप्लाय ठणठणीत, हा निष्कर्ष चुकीचा. डबा अगदीच मेलेला नाही, इतकंच त्यातून कळतं. काही नव्या सप्लायचा पंखा तर लोड नसताना फिरतच नाही. खरी परीक्षा लोडवर. पीसी चालू असताना मोकळ्या चार-पिनी कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. पिवळी-काळीमध्ये ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लाल-काळीमध्ये ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. गेम सुरू केल्यावर आकडा याच्या खाली घसरला तर चोर सापडला. आणि आणखी एक, दुसऱ्या कंपनीच्या मॉड्युलर सप्लायची केबल "बसतेय ना" म्हणून लावू नका. डब्याकडच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते. हार्ड डिस्क जाईल आणि तिच्याबरोबर प्रोजेक्टही.

पण एवढं सांगून झाल्यावर हात जोडून एक विनंती, डबा उघडू नका. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाला की सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतो, हे आपण पेपरात पाच मार्कांसाठी लिहितो. तेच व्होल्टेज आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही काही काळ असू शकतं. जळका वास आला तर "एकदा परत लावून बघू" हा मोह टाळा.

आता मुख्य मुद्दा, आणि हा स्टाफनेही वाचावा. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार हॉस्टेलमध्ये नेहमी ऐकू येते. त्यावर आपला उपाय काय, तर पायात चप्पल घालून बसणे! एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये लाइन आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, म्हणून फक्त मुंग्या. पण त्याच पीसीत उद्या लाइनची वायर बॉडीला चिकटली तर करंटला जमिनीकडे जायला दुसरी वाट नसते. एमसीबी पडत नाही, आणि वाट म्हणून आपण उरतो. थ्री-पिन प्लगची अर्थ पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे तिने सगळ्यांत आधी जोडलं जावं. आणि आपण टू-पिनचं एक्स्टेंशन लावून तिलाच घरी पाठवतो. अर्थच नसेल तर बाकी सगळं निरर्थक!

काही जण म्हणतील, वॉरंटी आहे, दुकानदार बघून घेईल. बघू दे की. पण तोही अंदाजाने पार्ट बदलत गेला तर प्रत्येक अंदाजाचं बिल आपल्या घरी जातं. चार वर्षं ओहमचा नियम घोकणाऱ्यांनी व्होल्टेज न मोजता मदरबोर्ड बदलावा, हे मला तरी पटत नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या. प्रत्येक विंगला एक मल्टिमीटर असावा. हॉस्टेलच्या ऑफिसमध्ये तपासलेला एक चालू एसएमपीएस ठेवावा, म्हणजे संशय आला की बदलून बघता येईल. आणि दर सुट्टीत इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक खोलीच्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्यावं, त्याची नोंद नोटिस बोर्डावर लावावी. पहिल्या दोन गोष्टी आपण वर्गणी काढूनही करू शकतो. तिसरी मात्र वर्गणीतून होणारी नाही, ती कॉलेजनेच करायची आहे, आणि सगळ्यांत निकडीची तीच आहे.

तोवर दोस्तांनो, खोडरबर ड्रॉइंगच्या पेपरासाठी ठेवा. आणि आज कॅबिनेटला मुंग्या आल्या तर चप्पल शोधू नका, तक्रारवहीत खोली नंबर लिहून या.