ह्या नोंदींत बाई कुठे आहे?

निर्यातीच्या द्राक्षबागांची कागदपत्रं आता संगणकावर गेली आहेत. कोणत्या तारखेला फवारणी केली, औषध कोणतं, एकरी किती, काढणीच्या किती दिवस आधी, हे बागाईतदार पूर्वी वहीत लिहायचा. आता बरेच जण ते मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये भरतात. मग पॅकहाऊस, निर्यातदार, तपासणीस आणि परदेशातला खरेदीदार अशा प्रत्येकाला हवा तसा अहवाल सॉफ्टवेअर आपोआप तयार करून देतं. आपल्या संघटनांत ह्या विषयावर फारसं बोललं जात नाही. हा बागाईतदारांचा आणि कंपन्यांचा मामला, आपला काय संबंध, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. ‘ह्या बागेत मजुरांना नीट वागवलं जातं’ हा शिक्कासुद्धा अशाच नोंदींच्या आधारावर बसतो, आणि ते मजूर म्हणजे बऱ्याच कामांत बाया आहेत.

ही व्यवस्था कशातून आली ते आधी पाहू. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडले आणि निर्यात अडचणीत आली. त्यानंतर, २००६ मध्ये, केंद्र सरकारच्या अपेडा ह्या संस्थेने ‘ग्रेपनेट’ सुरू केलं. प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक, त्या बागेतला नमुना प्रयोगशाळेत, निकाल थेट संगणकावर. युरोपातल्या दुकानात एखादी पेटी नापास झाली तर ती निफाडच्या कोणत्या शिवारातल्या कोणत्या बागेतून आली, इथपर्यंत मागे जाता येतं. काम चांगलं झालं, ह्यात वाद नाही.

पण २०१० साली काय घडलं तेही आठवावं. त्या वर्षी क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे बागाईतदार ज्याला लिहोसिन म्हणून ओळखतात ते, द्राक्षांत सापडलं आणि युरोपातून माल नाकारला गेला. आपल्याकडच्या तपासणीत तो माल पास झालेला होता, कारण तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नावच नव्हतं. यादीत नाही म्हणून तपासलं नाही, तपासलं नाही म्हणून सापडलं नाही. पैसे बुडाल्यावर मात्र नाव यादीत आलं. रकाने कसे वाढतात हे त्यातून कळतं. ज्याच्यामुळे खरेदीदार माल परत पाठवतो, त्याचा रकाना लगेच होतो.

आता बाईच्या कामाकडे वळू. ऑक्टोबर छाटणी झाली की काडीवरच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावतात, म्हणजे फूट एकसारखी येते. दिंडोरी, निफाडच्या पट्ट्यात हे काम मजुरांच्या टोळ्या करतात. पेठ, सुरगाण्याकडून येणारी आदिवासी कुटुंबं त्यांत असतात, बाया आणि पुरुष दोघंही. हे रसायन कातडीला आणि डोळ्यांना घातक आहे. युरोपीय संघाने २००८ साली आपल्या शेतीतून ते काढून टाकायचा निर्णय घेतला, आणि त्यामागचं एक कारण हाताळणाऱ्या माणसाला असलेला धोका हे होतं. आपल्याकडे ते चालू आहे. काढणी त्यानंतर चार महिन्यांनी होते, त्यामुळे मण्यात त्याचा अंश राहण्याचा प्रश्न सहसा येत नाही. म्हणजे युरोपच्या ग्राहकाला धोका नाही, द्राक्ष पास. पेस्ट लावणाऱ्या बाईच्या हातांचं काय झालं हे विचारणारी जागा त्या नोंदींत जवळपास नसतेच. फार तर एक ओळ असते, ‘हातमोजे दिले: होय’. ते दुसऱ्या दिवशी फाटले का, टोळीतल्या सगळ्यांना पुरले का, पोटुशी बाई त्या कामावर होती का, हे त्या ‘होय’मध्ये कुठे बसणार?

पुढे घड जिबरेलिक अ‍ॅसिडच्या द्रावणात बुडवायचे, कात्रीने मण्यांची विरळणी करायची, पॅकहाऊसमध्ये प्रतवारी करून पेट्या भरायच्या. मान वर करून दिवसभर कात्री चालवणं काय असतं ते करणारीलाच माहीत. ह्यातलं बरंचसं काम उक्तं दिलं जातं, एकरी ठरवून. नोंद होते ती अशी: विरळणी, दोन एकर, अमुक रक्कम, टोळीप्रमुखाचं नाव. पैसे त्याच्या हातात किंवा खात्यावर. रक्कम, तारीख, बाग, सगळं खरं, आणि तरी बाईचं नाव एकदाही आलेलं नाही. समान कामाला समान मोबदल्याचा कायदा १९७६ साली झाला, ती तरतूद आता २०१९ च्या वेतन संहितेत आहे. पण बाईची मजुरी वेगळी लिहिलेलीच नसेल तर ती समान होती की नव्हती हे कोण कशावरून ठरवणार? ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि हिशेब कोयत्याचा होतो. द्राक्षातला उक्त्याचा हिशेब त्याचाच भाऊ आहे.

मालकिणीची गतही फार वेगळी नाही. बागेची नोंदणी सातबाऱ्यावरच्या नावाने होते, आणि २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांत बायका १४ टक्केसुद्धा नव्हत्या. १९८६ साली ह्याच नाशिक जिल्ह्यात, चांदवडला, शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन झालं. पुढे शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ काढून बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. त्या काळी आपल्यापैकी अनेकींनी त्यावर भरपूर वादही घातले. आज अ‍ॅपमधलं ‘शेतकऱ्याचं नाव’ भरताना तो प्रश्न पुन्हा तिथेच उभा आहे.

आपोआप होणाऱ्या अहवालांत आणखी एक गोम आहे. ‘मजुरांना प्रशिक्षण दिलं’, ‘स्वच्छतागृह आहे’, ‘तक्रारी: शून्य’ अशा ओळी एकदा भरल्या की पुढच्या हंगामात त्याच खाली ओढता येतात. वहीतला खोटेपणा तरी दिसायचा. सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच वळणाच्या, सहा महिन्यांची हजेरी एका बैठकीत भरलेली, हे जाणत्या डोळ्याला लगेच कळायचं. पडद्यावर सगळं सारखंच नेटकं दिसतं. आणि ‘तक्रारी शून्य’ म्हणजे नेमकं काय? २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या पॅकहाऊसमध्ये लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी माणसं असलेल्या बागेतल्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. समिती कुठे बसते हेच बायांना ठाऊक नसेल तर शून्याशिवाय दुसरा आकडा येणार कुठून? पण शून्य वर चढत जातं. बागेतून पॅकहाऊसच्या, पॅकहाऊसमधून निर्यातदाराच्या अहवालात, आणि दर पायरीवर ते जास्त खरं वाटायला लागतं.

म्हणून संगणक नको, वहीच बरी, असं मी म्हणणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये एक गोष्ट अशी असते जी वहीत नव्हती. नोंद कोणी केली आणि कधी केली, ह्याची आतल्या आत वेगळी नोंद राहू शकते. ऑक्टोबरमधलं प्रशिक्षण तपासणीच्या आदल्या रात्री भरलं असेल तर ते त्यात दिसेल. ही आतली नोंद आज निर्यातदार आणि सॉफ्टवेअर कंपनी ह्यांच्याच हाती असते. ती मजुरांच्या संघटनेला पाहता आली पाहिजे, ही माझ्या मते आपली पहिली मागणी व्हावी.

बाईचं नाव आणि तिची मजुरी वेगळी लिहावी, ही दुसरी. इथे मात्र सावध राहायला हवं. रोजगार हमीच्या कामांवर २०२३ पासून मोबाईलवरची फोटो-हजेरी सक्तीची केली, तेव्हा नेटवर्क नाही म्हणून काम करूनही हजेरी बुडाल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी झाल्या. नाव हवं म्हणून अंगठा, चेहरा, आधार आणि दिवसभराचा ठावठिकाणा मुकादमाच्या मोबाईलमध्ये जाऊ द्यायचा, हा सौदा आपण करू नये. नाव, काम, दिवस, मजुरी एवढं पुरे.

‘रकाने वाढवले तर लहान बागाईतदार मेला’ असं लगेच म्हटलं जाईल. त्यात तथ्य आहे. प्रमाणपत्र मागतो परदेशातला दुकानदार, आणि त्याचा खर्च पडतो तीन एकरवाल्यावर. त्या तीन एकरांत घरच्या बायांची फुकटची मेहनतही असते, तिला तर कसलाच रकाना नाही. हा खर्च खरेदीदाराने द्राक्षाच्या भावात धरावा, असं बागाईतदारांच्या बरोबरीने आपणही म्हणायला हवं. मजुरांच्या बाया आणि मालकांच्या बाया ह्या मागणीवर एकत्र बसू शकतील का, मला खात्री नाही. प्रयत्न तरी करावा.

नाशिककडच्या मैत्रिणींना एक सुचवते. छाटणीच्या हंगामाआधी ओळखीच्या एखाद्या बागाईतदाराकडून त्याच्या एका बागेचा गेल्या हंगामाचा अहवाल छापून घ्या. बहुतेक तो इंग्रजीत असेल, तेव्हा मराठी करायला दोन दिवस धरा. मग त्या बागेत राबलेल्या बायांना बोलावून तो ओळीओळीने वाचून दाखवा. ज्या ओळीला त्या हसतील तिच्यापुढे खूण करा आणि त्या काय म्हणाल्या ते तसंच्या तसं लिहून घ्या. प्रमाणपत्र दर वर्षी नव्याने घ्यावं लागतं, तेव्हा हे टिपण तपासणीच्या आधी तपासणाऱ्या संस्थेकडे पोचलं पाहिजे.